सेनापतीच्या गालावरची तीट

मी आयुष्यात मनापासून जळले ती एकाच बाईवर, माझ्या काकाच्या मुलीवर. बाकीच्यांवर अधूनमधून, सणावाराला, कुणाची साडी, कुणाचा नवरा, तेवढ्यापुरतं. हिच्यावर मात्र रोज, कामाला बसल्यापासून सुटेपर्यंत, एकाच बाकावर, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ बसून. आता साठी उलटली. लोक म्हणतात, वय झालं की हे सगळं निवळतं. माझं काही निवळलेलं नाही. आणि हे सगळं झालं कुठल्याशा परमुलखातल्या सेनापतींपायी, ज्यांची नावं मला तेव्हाही धड घेता येत नव्हती.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मरोळच्या सरकारी औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा होता. खाली भट्टीवर शिसं आणि कथील वितळवून रबराच्या साच्यात ओतायचे, वर माळ्यावर आम्ही बाया रंग द्यायचो. माल म्हणजे बोटाएवढे सैनिक. अमेरिकेत फार मागे एकदा घरातल्या घरात मोठी लढाई झाली होती, एकाच देशाचे दोन भाग एकमेकांवर उठले होते. त्यातल्या एका बाजूचे सेनापती आमच्या गाळ्यात तयार व्हायचे. राखाडी कोट, सोनेरी बटणं, कमरेला तलवार, कुणी घोड्यावर, कुणी नुसता दुर्बीण घेऊन उभा. दुसऱ्या बाजूचे निळे कोटवाले साकीनाक्याच्या एका गाळ्याला गेले होते. ते आम्हाला कधी दिसले नाहीत, पण तिकडच्या बायांना डोक्यावर मोठे पंखे आहेत असं ऐकून मी त्यांच्याही नावाने बोटं मोडायची.

रंगकामाची देखरेख करायला एक मास्टर होते. शाळेत चित्रकला शिकवून कंटाळलेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेले गृहस्थ. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला बजावलं, "हे पोरांचं खेळणं नाही हां. तिकडे मोठी माणसं विकत घेतात. काचेच्या कपाटात ठेवतात."

"आणि करतात काय त्याचं?" एका मावशीने विचारलं.

"बघत बसतात."

"बाप्ये बघत बसतात?" मावशी म्हणाली आणि सगळा माळा हसला. "बरं, ही बाजू जिंकली का हरली?"

"हरली."

"लढले कशापायी पण?"

मास्टर जरा घुटमळले. "ह्यांना गुलाम ठेवायचे होते. शेतात राबवायला."

मावशी मराठवाड्यातली. तिच्या वडिलांनी गावकीची कामं टाकली होती, बुद्धाचा धर्म घेतला होता आणि पोरंबाळं घेऊन मुंबई गाठली होती. तिने हातातला सेनापती टेबलावर आडवा ठेवला. "मग हरले ते झकास झालं," ती म्हणाली. "मास्टर, मला घोडेच द्या. घोड्यांनी काय कुणाला राबवलं नाही." तेव्हापासून ती घोडेच रंगवायची, आणि तिच्यासारखे घोडे कुणाला जमले नाहीत.

मी आणि काकाची मुलगी एकाच दिवशी तिथे कामाला लागलो. कारण गिरण्यांचा संप. आमची घरं घाटकोपरला, डोंगराच्या उतारावर, एका खोलीच्या दोन केलेल्या. बाबा आणि काका एकाच गिरणीत, एकाच खात्यात. संपात बाबा पुढे. गेटवर उभं राहून बोलायचे, लोकांना आवरायचे, चिथवायचेही. चाळीतले लोक त्यांना गमतीने सेनापतीच म्हणायचे. मग संप लांबत गेला, गिरणी अर्धीमुर्धी चालू झाली, आणि एका सकाळी काका डबा घेऊन कामावर गेला. बाबा गेले नाहीत. पुढे जायचं ठरवलं असतं तरी त्यांना कुणी आत घेतलं नसतं. त्या सकाळपासून दोन भावांचं बोलणं बंद झालं. दोन खोल्यांच्या मधे दार होतं, त्याला काकूने पलीकडून कपाट लावलं. आम्ही दोघी तेवढ्या बोलत राहिलो, कारण पाण्याचा नळ एकच होता.

ती माझ्यापेक्षा वर्षाने लहान. मला ताई म्हणायची. हे सांगायला हवं, कारण मोठीने धाकटीवर जळणं हे जास्त लाजिरवाणं असतं आणि मला त्याची पूर्ण कल्पना होती.

पण गाळ्याच्या आधीपासून माझ्या पोटात दुखत होतं. संप नुकता सुरू झाला तेव्हा मोर्च्यासाठी फलक रंगवायचे होते. पुठ्ठे आमच्या दारात पसरलेले, लाल रंगाचा डबा उघडलेला. बाबांनी ब्रश आधी माझ्या हातात दिला. मी पहिलं अक्षर काढलं आणि त्याचा ओघळ थेट पुठ्ठ्याच्या खालच्या कडेपर्यंत गेला. बाबा रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला आणि तिला दिला. तिने वरची रेघ ओढली ती पट्टी लावून ओढावी तशी. बाबा आईला हाक मारून म्हणाले, "बघ गो, पोरीचो हात कसो सरळ आसा." माझ्या हाताबद्दल काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, शिवी घातली असती तरी चाललं असतं. मला त्या माणसाकडून माझ्या हाताबद्दल एक वाक्य हवं होतं, आणि पुढची कित्येक वर्षं मी त्या एका वाक्यासाठी थांबले.

गाळ्यात कामाची उतरंड होती. नव्या बाईला बूट. बूट जमले की पँट, मग कोट, मग पट्टे आणि तलवारी. त्याच्या वर बटणं आणि कॉलरवरचे तारे. सगळ्यात वर चेहरा. चेहरा रंगवणारीची जागा बाकाच्या टोकाला, खिडकीला लागून, कारण उजेड तिथे. सोनेरी रंग सगळ्यात शेवटी लावायचा असायचा, हात लागला की काळवंडतो म्हणून. त्यामुळे बटणवाली चेहरेवालीच्या शेजारी. चेहरा झाला की सेनापती लाकडी ठोकळ्यावर उभा केलेला तसाच बटणांकडे सरकायचा.

आम्ही दोघी बुटांपासून निघालो आणि बरोबरीने वर चढलो. बटणांपर्यंत मी तिच्या एक पाऊल पुढेच होते, आणि त्या दिवसांत मी बसमध्ये गाणी गुणगुणायची. मग चेहरे रंगवणारी बाई बाळंतपणाला गेली आणि परत आलीच नाही. खिडकीजवळची जागा रिकामी झाली. मला ती जागा हवी होती. नुसता उजेड मिळावा म्हणून नव्हे. चेहऱ्याचा माल पार्टीकडे, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाकडे, जायच्या आधी मास्टर एकेक तुकडा हातात घेऊन बघायचे, बाकी कामाकडे कुणी बघायचं नाही. बूट नीट रंगवले म्हणून कुणी कुणाचं कौतुक केल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि मनात असंही होतं की चेहरे रंगवायला लागले की घरी सांगेन, आणि बाबा काहीतरी बोलतील.

मास्टरांनी आम्हा सगळ्यांना एकेक रिजेक्ट तुकडा दिला. "मुख्य सेनापती करा. दाढीवाला."

डोळे काढायची पद्धत अशी होती की आधी पांढरा ठिपका, त्यात काळा, वरून पापणीची बारीक रेघ. मी श्वास रोखून पांढरा ठिपका दिला, त्यात काळा दिला, रेघ ओढली. मास्टरांनी तुकडा डोळ्यांजवळ धरला.

"हा का दचकलाय?"

बाया हसल्या. मी पुसून पुन्हा केला. पुन्हा दचकला. तिसऱ्यांदा मी पांढरं कमी केलं, तर तो झोपेतून दचकून उठल्यासारखा दिसायला लागला.

माझ्या बहिणीने पांढरं जवळजवळ लावलंच नाही. तिने वरच्या पापण्या खाली ओढल्या, भुवयांच्या मधे तपकिरी रंगाची केसाएवढी रेघ दिली, आणि ओठाची एक बाजू किंचित खाली सोडली. बस. मास्टरांनी तो तुकडा परदेशातून आलेल्या सॅम्पलशेजारी ठेवला आणि दोन्ही आलटून पालटून बघितले. मग म्हणाले, "सॅम्पलच्या डोळ्यांत असं काही नाहीये गं. हे कुठून आणलंस?"

"असंच," ती म्हणाली.

"उद्यापासून खिडकीत बस."

मी घरी आले, भात गिळला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. आईने विचारलं, "बरा नाय वाटणा?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. डोक्याचा काही संबंध नव्हता. तिच्या हातातून तो ब्रश काढून माझ्या हातात कुणी दिला असता तरी मला ते जमलं नसतं, हे मला स्वच्छ कळलं होतं, आणि मत्सराला तेवढं पुरतं.

बाबा तेव्हा घरीच असायचे. कामं शोधायचे, मिळायची, टिकायची नाहीत. सकाळी ते दारात स्टुलावर बसलेले असायचे. माझी बहीण कामाला निघताना त्यांच्यासमोर क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "मोठे बाबा, जाते हां." बाबा उत्तर द्यायचे नाहीत. काकाच्या घराशी अबोला म्हणजे पुऱ्या घराशी, असं त्यांनी ठरवलं होतं. ती रोज म्हणायची, ते रोज गप्प बसायचे. मी पुढे होऊन रस्त्यावर तिची वाट बघत उभी राहायची. मला वाटायचं, बरं झालं. निदान ह्या एका ठिकाणी तिला काही मिळत नाही.

आता मी बटणं लावायची आणि ती चेहरे. तिचा प्रत्येक सेनापती माझ्या हातातून जायचा. मी त्यांच्याकडे चुका शोधायला बघायची. दाढीचा रंग कानावर गेलाय का, टोपीखाली कातडीचा रंग राहिलाय का. कधी काही सापडायचं नाही, आणि त्याने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अशाच एका शोधात मला तो ठिपका दिसला. डाव्या गालावर, जिथे दाढी संपते आणि कान सुरू होतो त्या बेचक्यात, सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका. मला वाटलं, चला, चुकली एकदाची. रंग उडाला असेल. मी दुसरा सेनापती उचलला. त्यालाही होता. तिसऱ्यालाही, त्याच जागी.

रंग उडाला नव्हता. ती तीट होती.

आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या गालावर काजळाची तीट लावतात, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. हिने परक्या मुलखातल्या दाढीवाल्या बाप्यांना तीट लावली होती. दुसरं कुणी असतं तर मी हसून सगळ्या माळ्याला दाखवलं असतं. पण मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच प्रश्न आला, तीट कुणाच्या नजरेसाठी? तिच्या हातून निघालेला सेनापती सगळ्यात आधी कुणाच्या हातात येतो? तिच्या शेजारी कोण बसतं? कोण डोळे फाडफाडून त्याच्याकडे बघतं?

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तोंडावर ताई ताई म्हणते, नळावर माझा हंडा उचलून देते, आणि इकडे माझ्या नजरेपासून आपली पोरं राखते! त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलायला लागले. "सरक जरा." "थिनर दे." ती काय झालं विचारायची, मी काही नाही म्हणायची. पण आता खरं सांगायला हरकत नाही, त्या रागात एक गोडीही होती. मी दिवसभर तिच्यावर जळते हे तिला कळलंय. नुसतं कळलेलं नाही, तिला भीती वाटते. माझ्या नजरेत ताकद आहे असं समजणारं जगात कुणीतरी होतं. मी बटणं लावायची आणि प्रत्येक सेनापतीच्या गालावर ती तीट आहे ना, हे बघायची. असली की माझा जीव जळायचा आणि थंडही व्हायचा.

मग एकदा मी डबा घरी विसरले.

दुपारी जेवायच्या सुट्टीच्या जरा आधी माळ्याच्या लोखंडी जिन्यावर पावलं वाजली आणि बाबा वर आले, हातात माझा डबा. ते ह्याआधी कधी गाळ्यावर आले नव्हते. दारातच थांबले, थकलेले, उन्हातून आल्यामुळे डोळे बारीक केलेले. माझी बहीण मान खाली घालून ब्रश धूत राहिली. मी उठून पुढे जाणार, तोवर मास्टर उठले.

"अरेच्चा," ते म्हणाले. त्यांनी वाळत ठेवलेल्या ट्रेमधून मुख्य सेनापती उचलला आणि बाबांच्या चेहऱ्याशेजारी धरला. "अरेच्चा. बघा, बघा."

सगळ्या बाया बघायला लागल्या. घोडेवाली मावशी म्हणाली, "ह्यो तर तुझा बाप गं."

मी बघितलं. खाली ओढलेल्या पापण्या. भुवयांच्या मधली रेघ. एका बाजूला सुटलेला ओठ. माझे बाबा, दाढी लावलेले, राखाडी कोट घातलेले. त्या चेहऱ्याखाली मी रोज बटणं लावत आले होते. त्यात मला तिचा हात दिसला होता, तिची तीट दिसली होती, स्वतःचा बाप दिसला नव्हता. ती रोज सकाळी स्टुलासमोर थांबायची, ते उत्तर मिळेल म्हणून थांबत असेल असं मी समजत होते. ती बघत होती. चेहरा माझ्या घरातला, आणि उचलून नेला हिने.

बाबांनी सेनापती तळहातावर घेतला. "ह्यो कोण?"

"सेनापती आहेत," मास्टर म्हणाले. "हरलेल्या बाजूचे."

बाबांनी तो उजेडाकडे वळवला. "मगे बरोबर आसा," ते म्हणाले, आणि पुष्कळ दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं. मग मला विचारलं, "कोणी रंगवल्यान?"

मी बोट दाखवलं. दुसरं काय करणार होते?

बाबा बाकांच्या मधून खिडकीपर्यंत गेले. ती उठून उभी राहिली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "डोळे बरे काढलंस," ते म्हणाले. एवढ्या वर्षांचा अबोला, काकाची गद्दारी, कपाट लावलेलं दार, सगळं त्या दोन-तीन शब्दांत बाजूला झालं. तिच्या डोळ्यांना धार लागली. मला वाटलं, आता हे माझ्याकडे वळतील. वळले. मी एव्हाना डबा हातात घेतला होता आणि तो तिरका झाला होता.

"सरळ धर गो," बाबा म्हणाले. "सार सांडात."

माझ्या हाताबद्दल ते आयुष्यात बोलले ते एवढंच. मी डबा सरळ धरला. ते जिना उतरून गेले, आणि सुट्टीत बाकीच्या जेवत असताना मी ते माशाचं सार तोंडालाही लावलं नाही.

त्यानंतर ते तिच्या सकाळच्या "जाते हां"ला "हां" म्हणायला लागले. मी रस्त्यावर उभी राहून ऐकायची.

थोड्या दिवसांनी पार्टीचा माणूस तपासणीला आला. माल बोटीने जायच्या आधी परदेशातून कुणीतरी येऊन तो बघायचा. हा उंच, लालबुंद, गळ्यात भिंग अडकवलेला गोरा होता. मास्टर सकाळपासून घामाघूम. त्याने घोडे बघितले, मावशीच्या घोड्यांकडे बघून मान डोलावली. मग मुख्य सेनापती उचलला, खिडकीशी नेला, भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिला. चेहरा त्याला आवडला हे न सांगता कळत होतं, आणि मी मनातल्या मनात तडफडत होते. मग तो थांबला. त्याने नखाने गालावर खरवडल्यासारखं केलं आणि मास्टरांना काहीतरी विचारलं.

मास्टरांचा आवाज बदलला. "हा काळा ठिपका काय आहे? सगळ्यांना आहे. साहेब म्हणतोय, ह्या माणसाला तीळ नव्हता. कुणी केलं हे?"

मला सगळं माहीत होतं, पण मी गप्प बसले, आणि हे काही तिला वाचवायला म्हणून नव्हतं. ती कशी तोंड उघडते, माझं नाव कसं घेते, हे मला ऐकायचं होतं.

ती उठली. "मी लावली, मास्टर. तीट आहे."

"काय?"

"तीट. दृष्ट लागू नये म्हणून."

मास्टरांनी डोक्याला हात लावला. मग त्या गोऱ्याला त्यांच्या इंग्रजीत समजावायला लागले, हातवारे करून, स्वतःच्या गालाला बोट लावून, कडेवर बाळ घेतल्याचं करून दाखवत. गोऱ्याच्या भुवया वर गेल्या. त्याने काहीतरी विचारलं. मास्टर तिच्याकडे वळले. "साहेब विचारतोय, दृष्ट कुणाची लागेल?"

आणि माळ्यावरच्या सगळ्या बायांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं, लहानपणापासून, त्याला मी काय करू. पण मी मान वर ठेवली. मी तयार होते. खरं तर इतके महिने मी ह्याच क्षणाची वाट बघत होते. घे माझं नाव, सगळ्यांसमोर घे.

"माझीच," ती म्हणाली.

"तुझी?"

"मग काय. रंगवून झाला ना, की मीच बघत बसते त्याच्याकडे. खूप चांगला झाला की भीती वाटते. आईची दृष्ट लेकराला आधी लागते ना मास्टर, म्हणून आपलीच काढायची." ती लाजून हसली. "दुसऱ्या कुणाची कशाला लागेल?"

गोरा हसला, त्याला ते फार आवडलं, पण त्याचं म्हणणं असं की त्याच्या गिऱ्हाइकांना हे चेहरे पाठ असतात, तीळ एकही जास्तीचा चालणार नाही. सगळ्या तिटा काढून टाका. मास्टरांनी चारी बाजूंना बघितलं. "बटणवाली काढेल," ते म्हणाले.

म्हणून त्या दिवशी मला सेनापतींच्या चेहऱ्याला हात लावायला मिळाला. काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळायचा, थिनरमध्ये बुडवून पिळायचा, आणि खालच्या कातडीचा रंग न उठवता काळा ठिपका टिपून घ्यायचा. एकेक सेनापती मी हातात धरला. एकेकाच्या चेहऱ्यावर माझे बाबा. एकेकाची तीट मी पुसली. जी तीट मी इतके दिवस माझी म्हणून सांभाळली होती, तिच्यात मी कुठेच नव्हते. तिने मला शत्रू मानलं असतं तर मी तिला माफ केलं असतं. ती माझ्या शेजारी बसून दिवसभर स्वतःच्याच कामावर खूश होती, आणि मी तिथे आहे की घोडेवाली मावशी आहे, तिला काही फरक पडत नव्हता. ती मला आवडायची नाही, पण त्या दुपारइतकी ती मला कधी खुपली नाही.

बसस्टॉपवर मी तिला शेवटी विचारलं. "खरं सांग. माझ्या नजरेची भीती नव्हती तुला?"

"तुझ्या?" तिला खरोखर आश्चर्य वाटलं. "तुझी का लागेल गं ताई? तुझं लक्ष कुठे असतं चेहऱ्याकडे, तू तर तुझ्या बटणात असतेस." आणि बस आली म्हणून ती माझा हात धरून पळाली.

पुढे तिचं लग्न झालं, बोरिवलीला गेली. लग्नात कपाट बाजूला सरकवलं गेलं आणि बाबांनी तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. खिडकीजवळची जागा मला मिळाली. परीक्षा वगैरे झाली नाही. मास्टर म्हणाले, "तूच बस आता, दुसरी कोण आहे?" एव्हाना मला डोळे जमायला लागले होते. माझे सेनापती दचकायचे बंद झाले होते.

पहिला चेहरा मी सावकाश केला. पापण्या खाली ओढल्या, भुवयांच्या मधे रेघ दिली, ओठ एका बाजूला सोडला. बाबांना आता मीही रोज बघत होते, शिकून बघत होते. मास्टरांनी तुकडा हातात घेतला, इकडून तिकडून बघितला आणि परत दिला. "चालेल," ते म्हणाले.

मी त्याला खिडकीच्या कठड्यावर उभा केला. सगळ्यात बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला, टोक काढलं, आणि त्याच्या डाव्या गालापाशी नेला. पार्टीचा माणूस येईल तेव्हा पुसून टाकता आली असती, तेवढी अक्कल मला होती. पण आधी मी त्याच्याकडे बघत बसले. ज्या नजरेकडे एकदा सगळा माळा वळून बघत होता, त्याच नजरेने बघितलं. माझी लागते का, ते बघत होते. चेहऱ्यात चूक नव्हती. दाढी कानावर गेलेली नव्हती. डोळे जागच्या जागी होते. ब्रशच्या टोकावरचा रंग वाळायला लागला, आणि त्या सेनापतीला काही होईल अशी भीती मला वाटेना.

मी ब्रश थिनरमध्ये धुतला आणि सेनापती शेजारी सरकवला. बटणांवर नवीन बाई आली होती. तिने तो उचलला, बटणं लावली, तारे लावले आणि ट्रेमध्ये ठेवला. त्याच्या चेहऱ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.